दुसऱ्या रिंगला उचलणारं यंत्र

कुणी अंधाराला भितं, कुणी सापाला. मी टेलिफोनला भ्यायचे. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वर्षातले कितीतरी महिने उघड्या माळावर काढायचे आणि लांडगा आला तर काठी घेऊन उलट त्याच्याच मागं पळायचे, असली ती माणसं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं मोडून कळस गावी ऊस लावला आणि त्यांच्या पोटी मी निपजले. भवानीनगरला आत्याकडं गेले आणि तिथला फोन वाजला, की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. आत्या चिडवायची, "फोनात कुनी बसलंय व्हय तुला गिळायला?" मला खरंच तसं वाटायचं. समोर माणूस नाही आणि आवाज मात्र आहे, ही गोष्टच मला सोसत नव्हती.

आबाही माझ्यासारखेच भित्रे होते, फक्त त्यांची भीती वेगळी होती. बारावीनंतर कॉलेज करायचं तर रोज बारामती गाठायची, आणि पोरगी तिन्हीसांजेला घरी आली नाही तर काय, या विचारानंच त्यांचा घास अडकायचा. कुणीतरी त्यांना सांगितलं की हल्ली घरबसल्या बी.कॉम. होता येतं. पुस्तकं पोस्टानं येतात, स्वाध्याय लिहून पोस्टानंच पाठवायचे आणि अधूनमधून रविवारी बारामतीच्या केंद्रावर तास असतात. आबांनी त्याच आठवड्यात माझं नाव घातलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही 'बरं' म्हणून मोकळी झाले.

घरबसल्या शिकणं ऐकायला सोपं वाटतं. मला त्यातलं गप्प बसणं अंगावर यायचं. स्वाध्याय पाकिटात घालून टाकला की पुढं महिना महिना काही कळायचं नाही. पोचला का, कुणी वाचला का, वाचणाऱ्याला माझ्या अक्षराचा राग आला का? शाळेत गुरुजी रागावले तर निदान तोंड दिसायचं. इथं तोंडच नव्हतं. गोठ्यात शेण काढताना, रानात भाकरी घेऊन जाताना मी मनात त्या न दिसणाऱ्या माणसाची माफी मागत असायचे, आणि कशाबद्दल तेही मला ठाऊक नसायचं.

शेवटच्या वर्षाला केंद्राच्या गच्चीवर भलीमोठी डिश बसली आणि खाली वर्गात टीव्ही आला. दूरच्या शहरातले प्राध्यापक त्यात थेट शिकवणार आणि आम्ही इथून फोन करून शंका विचारायच्या, अशी नवी सोय होती. पहिल्या रविवारी टीव्हीत सर दिसले आणि आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. 'नमस्कार सर' झालं. सर काही 'बसा' म्हणेनात, म्हणून आम्ही उभेच. इंदापूरहून येणारे एक विद्यार्थी होते, भरघोस मिशांचे, दोन लेकरांचे बाप. ते हळूच म्हणाले, "बसू का नको?" तेवढ्यात केंद्राचे सर मागून आले. "अहो, बसा बसा. त्यांना तुम्ही दिसत नाही." सगळा वर्ग हसला. मी बसले, पण मला ते पटलं नाही. माणूस आपल्या डोळ्यांत बघून बोलतोय आणि त्याला आपण दिसत नाही, हे कसं काय? पुढचे कित्येक रविवार मी जांभईसुद्धा ओढणीआड दिली.

फोनवर बोलायची पाळी प्रत्येकाला घ्यावी लागायची. केंद्राचे सर आधी बजावायचे, "नाव सांगा, केंद्र सांगा. जे विचारायचं ते एकदाच, सरळ विचारा. मग गप्प राहा. तिकडनं आवाज यायला वेळ लागतो. घाबरून हॅलो हॅलो करत बसू नका आणि ठेवूनही देऊ नका." मला घसाऱ्याचं गणित अडलं होतं. रिसीव्हर हातात आल्यावर नाव सांगतानाच माझा आवाज फुटला. प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. टीव्हीतले सर नुसते समोर बघत होते. काहीच होईना. मग माझाच आवाज, फुटलेला, टीव्हीतून बाहेर आला. वाटलं, माझ्यातली कुणीतरी दुसरीच तिकडं जाऊन बसलीय. मग सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." त्यांनी पुढं काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही. एवढंच कळलं, की ती मधली शांतता धरून ठेवली आणि फोन हातातून टाकला नाही तर पलीकडून उत्तर येतं.

आता माझ्या भावाची मुलं पडद्यावर शिकतात आणि घरातल्या कोपऱ्यात बसून लांबच्या कंपन्यांची कामं करतात. ती म्हणतात, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं की! फक्त आमचं दप्तर पोस्टानं यायचं आणि आमचा पडदा महिन्यातून दोनदा लागायचा. न दिसणाऱ्या माणसाकडून शिकायचं, न दिसणाऱ्या माणसासाठी राबायचं आणि आपण इथं काय अवस्थेत आहोत हे त्याला कळत नाही, ते तोंडानं सांगावं लागतं, हे सगळं मी त्याच वर्षांत शिकले. शेवटचं मात्र मला उशिरा जमलं.

पदवी हातात आली आणि केंद्राच्या सरांनी निरोप धाडला, की पुण्याच्या एका कचेरीला घरी बसून टंकलेखन करणारी माणसं हवीत. यंत्रांच्या सुट्या भागांची जुनी माहितीपत्रकं संगणकात भरायची. बेअरिंग, बुशिंग, गॅस्केट, नुसती नावं आणि मापं. कागद एसटी पार्सलनं येणार, संगणक तेच देणार आणि केलेलं काम टेलिफोनच्या तारेतून परत जाणार. कळसला विजेचा भरवसा नव्हता, फोन तर नव्हताच. भवानीनगरला आत्याच्या घरी दोन्ही होतं. तिचे यजमान, त्यांना मी मामा म्हणते, साखर कारखान्यात नोकरीला होते. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या विजेवर सगळी वसाहत उजळलेली असायची. म्हणून मी आत्याकडं राहायला आले.

मुलाखत फोनवरच झाली. पुण्याच्या मॅडम सावकाश बोलायच्या आणि मध्ये मध्ये खोकायच्या. त्यांनी विचारलं, "लांबून काम करायची सवय आहे?" मी म्हटलं, "मी शिकलेच लांबून." त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या. मग म्हणाल्या, "फोन स्वतःचा आहे ना?" मी म्हटलं, "हो."

मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. फोन मामांच्या नावावर होता, बिल मामा भरत होते, मग स्वतःचाच की. पण भवानीनगरच्या आमच्या गल्लीत 'स्वतःचा फोन' म्हणजे ज्याच्या घरात तो ठेवलाय त्याचा, एवढाच अर्थ. वापरायला तो सगळ्या गल्लीचा. आमचा नंबर किती घरांच्या लग्नपत्रिकांवर 'पी.पी.', म्हणजे शेजारचा फोन, म्हणून छापलेला होता, देव जाणे. कुणाचा मुलगा लष्करातून फोन करायचा, कुणाची सून माहेराहून. आत्या ओट्यावर येऊन हाका मारायची आणि बाया पिठाच्या हातानं पळत यायच्या. फोनवर विणलेलं झाकण असायचं, त्याला कायम पिठाचे डाग.

मग पुण्याहून एक माणूस जीपमधून संगणक घेऊन आला. त्यानं फोनच्या शेजारी एक चपटी डबी बसवली आणि समजावून सांगितलं. रोज दुपारी तीनला पुण्याचं यंत्र इथं फोन करणार. दुसऱ्या रिंगला ही डबी आपणहून फोन उचलणार, दोन्ही यंत्रं आपापसांत किंचाळणार आणि काम तिकडं जाणार. लाइन खराब असेल तर अर्धा तासही लागेल. तेवढ्या वेळात कुणी रिसीव्हर उचलला तर सगळं तुटणार. पहिला महिना परीक्षेचा. एक दिवस जरी काम पोचलं नाही तरी संगणक परत नेणार.

आत्यानं डबीला हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीला फर्मान काढलं, "तीनच्या सुमाराला कुनी फोनाला हात लावायचा न्हाय!" गल्लीनं ऐकलंही. पण तीन जवळ आले की मी दर मिनिटाला घड्याळ बघायचे. रिंग वाजायची, पुन्हा वाजायची, मग डबीतून ती कर्कश किंकाळी निघायची आणि डबीवरचे लाल दिवे लुकलुकायला लागायचे. आत्या कानात बोटं घालायची. मी हात जोडून बसायचे, अगदी खरोखर. काम गेलं की तिथंच फरशीवर पडायचे. आत्या म्हणायची, "भाकरी मिळती ती ठीक, पर अशी रोज मरतीस कशाला?" तिचं बरोबर होतं, पण भ्यायचं नाही असं ठरवून का कुणी भ्यायचं थांबतं?

परीक्षेच्या महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या थोरल्या लेकीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. तिला वरकुट्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणलेली, आणि दिवस भरत आले तसे पाय सुजून डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. जीपमधून तिच्याबरोबर काकूंचे यजमान, आमचे तात्या, गेले. काकूंना जाता आलं नाही, घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती. पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरच्यांच्या हवाली केलेली असते. काही कमीजास्त झालं तर तिच्या सासरला काय तोंड दाखवायचं, हे काकूंच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्या सकाळपासून देवापुढं बसल्या होत्या.

मला त्या दिवशी दुसरीच धास्ती. शेवटच्या दिवशी माती खायला नको म्हणून मी जेवण झाल्या झाल्याच डबी चालू करून ठेवली. एरवी मी ती तीनच्या जरा आधी लावायचे. ताट घासत होते तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या रिंगला डबीनं उचलला, किंचाळायला लागली, किंचाळत राहिली आणि एकदम गप्प झाली. मी ओल्या हातानं पळत आले. पडद्यावर पाहिलं तर काम जागचं हललं नव्हतं. म्हटलं, आज पुण्याचं यंत्र लवकर आलं वाटतं, परत येईल.

थोड्या वेळानं काकू दारात आल्या. "फोन आला का गं? तात्या म्हनाले हुते, दुपारच्याला करतो."

मघाचा तो फोन यंत्राचा नव्हता की काय? पुण्यातल्या कुठल्याशा बूथवर तात्या रांगेत उभे राहिले असतील, नंबर लावला असेल आणि त्यांच्या कानात ती किंकाळी घुसली असेल. काय सांगायला केला असेल त्यांनी फोन? मी काकूंना म्हटलं, "एक आलता, पर डबीनं उचलला. कुनाचा हुता कळलं न्हाय." काकू आत आल्या. फोनच्या स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसल्या.

मी डबी बंद केली. ती चालू ठेवली आणि तात्यांचा फोन आला, तर ती पुन्हा त्यांच्या कानात किंचाळणार. बंद ठेवली आणि यंत्राचा आला, तर काम जाणार नाही, आणि परीक्षा तिथंच संपणार. रिंग दोघांची सारखीच. आत्या मला म्हणाली, "हातानं उचल. मानूस असला तर बोल." मी मान हलवली. ज्या फोनला मी जन्मभर भ्याले, तो आता प्रत्येक वेळी मलाच उचलायचा होता.

तीनला वाजला. उचलला. आधी नुसती शांतता, मग मधूनच एक बारीक 'टूं'. यंत्र. मी ठेवला. डबी लावून दिली असती तर अर्धा तास फोन अडला असता. लगेच परत वाजला. शांतता आणि 'टूं'. परत ठेवला. काकू माझ्या हाताकडं बघत होत्या.

"कोन हाय?"

"पुन्याचं मशीन हाय, काकू."

"मग त्याला म्हनावं, थांब घटकाभर."

"त्याला ऐकू येत न्हाय."

"आनि तुज्या त्या बाईला? तिला तरी येतंय का न्हाय?"

खरंच की. महिनाभर मी मॅडमना स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. भीतीच तशी होती. फोन गल्लीचा आहे हे कळलं तर काम काढून घेतील, ही भीती. मी नंबर फिरवला. एकदा चुकला, परत फिरवला. मॅडमचा आवाज आला तसं मी नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि एका दमात म्हटलं, "आमच्या शेजारची मुलगी पुण्यात दवाखान्यात आहे. तिची खबर याच फोनवर यायची आहे. तुमचं यंत्र मध्ये येतंय. आज काम घेऊ नका."

पलीकडं शांतता. मी ठेवला नाही.

"तुम्ही फोन स्वतःचा म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या.

"मामांच्या नावावर आहे. पण गल्लीचा आहे."

पलीकडून खोकला. "मशीन बंद करायला सांगते. आजचं काम दुसऱ्यांना द्यावं लागेल. तुमचं पुढं काय ते कळवते." फोन ठेवला गेला. माझं काय होणार याचा विचार करायलासुद्धा मला त्या क्षणी जीव उरला नव्हता.

मग आम्ही तिघी बसून राहिलो. बाहेर उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, त्यांचे घुंगरू वाजले तरी मी दचकत होते. मळीचा वास घरभर होता. आत्यानं चहा केला, तो तसाच निवला.

फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला. शांतता. मी 'टूं'ची वाट बघितली. ती येईना. माणसाचा आवाजही येईना. आत्या हळूच म्हणाली, "ठिव, मशीनच असंल." मी ठेवला नाही. रिसीव्हर कानावर दाबून धरला. मी म्हटलं, "मी भवानीनगरहून बोलतेय. काकू माझ्याजवळ बसल्यात. मी ऐकतेय."

बराच वेळ गेला. मग एक श्वास ऐकू आला, ओढून घेतलेला.

"बाळ, तूच हाईस व्हय?" तात्या होते.

"व्हय, तात्या."

"पोरगी शुद्धीवर आली. ती हाय. तिला भ्या न्हाय म्हनले डाक्टर." ते थांबले. "पोर गेलं. आत्ताच. मुलगा हुता. मगाशी फोन लावला तवा रडत हुतं गं. त्येच सांगायला लावला हुता. कोन किंचाळाय लागलं, मी ठिवून दिला. मागं मानसं उभी हुती." त्यांचा आवाज बसला. "काकूला तूच सांग. मला न्हाय जमायचं." आणि फोन कटला.

मी रिसीव्हर ठेवला. काकू माझ्याकडं बघत होत्या. फोनवर आवाज सरळ ठेवायला मी शिकले होते, तोंडाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"पोरगी?"

"हाय, काकू. शुद्धीवर आलीय. तिला भ्या न्हाय."

"आनि?"

मी सगळं सांगितलं. मुलगा झाला होता. तात्यांनी मघाशी तेच सांगायला फोन केला होता, तो डबीनं उचलला. आणि आता तो नाही. एवढं बोलून मी गप्प राहिले. वाटलं, आता ह्या माझ्या थोबाडीत मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. आत्यानं काकूंच्या पाठीवर हात ठेवला. काकू त्या डबीकडं बघत होत्या, बंद होती ती, एकही दिवा लागलेला नव्हता.

"मगाशी फोन आला तवा रडत हुतं म्हनले?"

"व्हय."

"मोठ्यानं?"

"त्ये न्हाय सांगितलं त्यांनी."

काकूंनी मान हलवली. बराच वेळ त्या हलवतच राहिल्या.

"म्हंजी घटकाभर मी आजी झाले हुते," त्या म्हणाल्या, "आनि मला म्हाईतच न्हवतं."